बारा किलोचं खोकं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. कंबरेत उसण भरली तरी शिफ्ट पूर्ण केलीस, हे मोठ्या अभिमानाने लिहिलंयस. मला ते आवडलं नाही.

खोकं तर बाराच किलोचं होतं, मग एवढं का दुखावं, असं विचारतोस. एकट्या वजनाला दोष देऊ नकोस. नायॉश ही अमेरिकेतली कामगार-आरोग्याची सरकारी संस्था. तिने 1991 मध्ये सुधारलेलं वजन उचलण्याचं एक सूत्र आहे. सगळं मनासारखं असेल, म्हणजे खोकं अंगाजवळ, सरळ सोडलेल्या हातांच्या उंचीला, वळायचं नाही, उचलायचंही अधूनमधूनच, तर मर्यादा 23 किलो. तेच खोकं घोट्यांपासून 25 ऐवजी 50 सेंटिमीटर पुढे धरलं की मर्यादा निम्मी: साडेअकरा किलो! त्यात जमिनीपासून वाकणं आलं, कंबरेला पीळ देऊन पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या फळीवर, ठेवणं आलं, की आकडा आणखी घसरतो. खालच्या कप्प्यात पार मागे सरकलेलं तुझं खोकं यात कुठे बसतं, तूच बघ.

म्हणून आधी ओढून कडेला आण, मग जवळ घेऊन उचल. वळताना पाय वळव. जड माल मधल्या कप्प्यात लावणं तुझ्या हातात नाही, पण ते मागणं आहे.

आणि तू बांधतोस तो कंबरपट्टा. मीही बांधायचो. उगीच बळ आल्यासारखं वाटायचं, नि एक खोकं जास्त उचललं जायचं. अमेरिकेतल्या 160 दुकानांमधल्या नऊ हजारांवर कामगारांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. रोज पट्टा बांधणाऱ्यांची कंबरदुखी काही कमी निघाली नाही.

सुपरवायझरला अजून सांगितलं नाहीस ना? टार्गेटची भीती कळते मला. तरी उद्या शिफ्टआधी सांग, आणि लेखी दे: कोणता रॅक, किती वाजता, काय उचलताना. कापलेलं बोट सगळ्यांना दिसतं, उसण कुणाला दिसत नाही. महिन्याभराने दुखणं वाढलं की ‘घरी काही उचललं असशील’ म्हणतील. मला म्हणाले होते, आणि माझ्याकडे कागद नव्हता.

तोवर नुसता पडूनही राहू नकोस, झेपेल तेवढं चाल. पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेल्यासारखं वाटलं, तर मात्र त्याच क्षणी डॉक्टर गाठ.

नोंदीवर सही घे आणि तिचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेव.

तुझा,
जुना सहकारी