आजोबांच्या स्टुडिओतल्या जुन्या लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर चालतील का?

साताऱ्यातला आजोबांचा स्टुडिओ आवरताना तुम्हाला पत्र्याच्या ट्रंकेत चार लेन्स मिळाल्या. एकीवर रशियन अक्षरं, एक पिवळी पडलेली 'सुपर-ताकुमार', एक 'निक्कोर-क्यू' आणि एक बुटकी, जिला फोकसचं कडंच नाही. सोबत एक दोन डोळ्यांचा याशिका कॅमेरा. तुमच्याकडे सोनी ए6400 आहे. या लेन्स ओळखायच्या कशा, त्यावर बसतील का, की विकून मोकळं व्हावं, असा तुमचा प्रश्न आहे. आधी थेट सांगतो: काच धड असेल तर चारही चालतील. विकायची घाई अजिबात करू नका. मी सांगलीत असतो. लग्नाची कामं नव्या लेन्सवर करतो आणि मनासारखं काम सगळं जुन्या काचांवर, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लेन्स हातात आली की बहुतेक जण पुढच्या कड्यावरचं नाव वाचतात आणि लगेच मोबाईलवर भाव शोधायला लागतात. तुम्ही आधी लेन्स उलटी करा. नाव काहीही असो, ती कशावर बसणार हे तिची पाठच सांगते.

पाठीमागे बाटलीच्या झाकणासारखे आटे असतील तर बहुधा ती एम 42 माउंटची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची जागा). आट्यांचा व्यास 42 मिलिमीटर, आणि एका फेऱ्यात लेन्स 1 मिलिमीटर पुढे जाते. 1949 च्या काँटॅक्स एस कॅमेऱ्यापासून हे माउंट चालत आलं आणि पुढे प्राक्टिका, झेनिट, पेंटॅक्स अशा कितीतरी कॅमेऱ्यांनी तेच वापरलं. तुमची रशियन लेन्स आणि ताकुमार या दोन्ही याच जातीच्या असणार. खात्री करायची तर एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याकडे व्हर्नियर असतो, मिनिटभराचं काम आहे. मात्र एक सांभाळा. टी-2 नावाच्या माउंटचाही व्यास 42 च असतो, पण त्याचे आटे बारीक, 0.75 मिलिमीटरचे. एम 42 च्या अडॅप्टरमध्ये, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्यामधल्या जोडात, ती लेन्स थोडी फिरते आणि अडकते. अडकली की तिथेच थांबा, जोर लावलात तर दोन्हीकडचे आटे जातील.

आटे नसून तीन पाकळ्यांचं खाचेत बसणारं धातूचं कडं असेल, तर ते बायोनेट माउंट. तुमच्या निक्कोरला तसंच असेल. शिवाय अ‍ॅपर्चरच्या कड्यावर (हे कडं लेन्समधलं उजेडाचं छिद्र लहान-मोठं करतं) सशाच्या कानांसारखी धातूची छोटी पट्टी स्क्रूने बसवलेली दिसेल. ती दिसली की लेन्स निकॉन एफ माउंटची, हे डोळे झाकून समजा.

आता बसणार कशी? प्रत्येक कॅमेऱ्यात माउंटच्या पत्र्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. एम 42 ला ते 45.46 मिलिमीटर, निकॉन एफला 46.5. तुमच्या सोनीत आरसा नाही, त्यामुळे तिथे तेच अंतर फक्त 18 मिलिमीटर आहे. उरलेले 27.46 किंवा 28.5 मिलिमीटर भरून काढणारं पोकळ नळकांडं म्हणजे अडॅप्टर. त्यात काच नाही, वायर नाही, म्हणून तो महागही नसतो. एम 42 चा एक आणि निकॉन एफचा एक असे दोन घ्या. आरसा असलेल्या डीएसएलआरवर हा खेळ इतका सोपा नव्हता. निकॉनच्या डीएसएलआरवर एम 42 लेन्स लावली तर ती गरजेपेक्षा मिलिमीटरभर पुढे राहते आणि लांबचा डोंगर कधीच स्पष्ट येत नाही. तुमच्यासारखे बिनआरशाचे, म्हणजे मिररलेस कॅमेरे आले आणि ट्रंकांमधून पडून राहिलेल्या या काचांना पुन्हा काम मिळालं, याचा मला खरोखर आनंद आहे.

अडॅप्टर आल्यावर पहिली परीक्षा अशी घ्या: घराच्या गच्चीवरून अजिंक्यताऱ्याच्या तटावर फोकस करा. लेन्सचं कडं अनंताच्या खुणेपाशी, म्हणजे आडव्या आठच्या चिन्हापाशी असताना तट स्वच्छ दिसला पाहिजे. खुणेच्या किंचित अलीकडेच स्वच्छ झाला तर अडॅप्टर केसभर पातळ आहे, त्याने काही बिघडत नाही. शेवटपर्यंत फिरवूनही अंधूकच राहिला, तर अडॅप्टर बदलून घ्या.

आता पुढचं कडं वाचू. रशियन नावातलं पहिलं अक्षर उलट्या इंग्रजी एलसारखं असेल आणि पुढे 44-2 असेल, तर ती हेलिओस 44-2. 58 मिलिमीटर ही तिची फोकल लांबी, आकडा मोठा तितकी लांबची वस्तू जवळ दिसते. एफ 2 म्हणजे छिद्र किती उघडतं ते, आकडा लहान तितकं छिद्र मोठं. कड्यावर एका काचेतून किरण आरपार जातोय असं चिन्ह असेल तर ती मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातली. नंबरातले पहिले दोन आकडे बहुतेक वेळा बनावटीचं साल सांगतात. मूळ रचना जर्मनीतल्या झाइसच्या बायोटार लेन्सची, दुसऱ्या महायुद्धानंतर ती सोव्हिएत रशियात बनू लागली. हिला अ‍ॅपर्चरची दोन कडी असतात. एक टकटक करत आकड्यांवर थांबतं, दुसरं गुळगुळीत फिरतं. पहिल्यावर हवा तो आकडा लावायचा, दुसऱ्याने पूर्ण उघडून फोकस करायचा आणि मग अडेल तिथपर्यंत मिटायचं. व्हिडिओ करत असाल तर हे गुळगुळीत कडं सोन्यासारखं आहे, उजेड टप्प्याटप्प्याने न बदलता अलगद बदलतो.

निक्कोरवरच्या 'क्यू'मागे छान पद्धत आहे. जुन्या निक्कोरवर नावापुढचं अक्षर आत किती काचा आहेत ते सांगतं, लॅटिन-ग्रीक अंकांवरून. टी म्हणजे तीन, क्यू चार, पी पाच, एच सहा, एस सात. म्हणजे तुमच्या लेन्समध्ये चार काचा. क्यू आणि सोबत 135 व 3.5 असे आकडे असतील तर पोर्ट्रेटसाठी ती फार उत्तम आहे. फोकल लांबी मिलिमीटरऐवजी सेंटिमीटरमध्ये, 13.5 अशी लिहिलेली असेल तर ती आणखी जुनी. ही लेन्स कुणा मित्राच्या निकॉन डीएसएलआरवर लावून बघायचा मोह टाळा. 1977 मध्ये निकॉनने अ‍ॅपर्चर कड्याची रचना बदलली, त्याआधीच्या लेन्स बदल न करता लावल्या तर बऱ्याच डीएसएलआरच्या माउंटजवळचा बारीक खटका मोडतो. तुमच्या सोनीवर अडॅप्टरने लावायला काही भीती नाही.

ताकुमार पिवळी का पडली हे समजून घ्या, कारण 'खराब झालीये' म्हणून स्वस्तात मागणारे भेटतील. सुपर-ताकुमारच्या बहुतेक 50 मिलिमीटर एफ 1.4 मध्ये आणि काही 55 मिलिमीटरच्या लेन्समध्ये थोरियम मिसळलेली काच वापरली होती. थोरियममुळे काच प्रकाश जास्त वळवते, पण ते किरणोत्सारी असल्याने वर्षानुवर्षं अंधारात पडून काच चहाच्या रंगाची होते. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढायला धोका नाही, फक्त ती काच घासू-फोडू नका. पिवळेपणा अतिनील प्रकाशाने उतरतो. कडक उन्हात पुढची काच वर करून काही दिवस ठेवली की बराच फरक पडतो. पण लेन्स म्हणजे भिंगच, खालची वस्तू पेटू शकते. म्हणून मागच्या बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल लावा आणि ती एकटी सोडून बाहेर जाऊ नका. या लेन्सला मागे एक पिन आणि बाजूला खटका असतो. खटका 'मॅन'वर, म्हणजे मॅन्युअलवर ठेवा, नाहीतर अ‍ॅपर्चर मिटणारच नाही आणि तुम्ही कडं फिरवत बसाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काच तपासणं. रात्री खोलीतले दिवे घालवा, लेन्सचं छिद्र कड्याने पूर्ण उघडा आणि मोबाईलची टॉर्च मागून तिरकी मारा. धुळीचे चार ठिपके दिसतील, ते फोटोत येत नाहीत, सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या किंवा मुळांसारख्या फुटलेल्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर ती बुरशी. सगळी काच एकसारखी धुकट दिसली तर त्याला हेझ म्हणतात. बुरशी कडेला असेल तर फोटोवर परिणाम जाणवत नाही, पण ती पसरते आणि काचेवरचं कोटिंग खाते. मग अ‍ॅपर्चर उघडमीट करत पाती बघा. ती कोरडी आणि मॅट हवीत. तेल चमकत असेल तर ते फोकसच्या ग्रीसमधून पाझरलेलं आहे. तुमची हेलिओस हाताने मिटायची आहे, तिला तेलाने फारसा त्रास नाही. ताकुमार आणि निक्कोरची पातीही अडॅप्टरवर कड्यानेच फिरतात, त्यामुळे तिथेही घाबरायचं कारण नाही.

बुरशी असलेली लेन्स स्वतः उघडू नका, ही कळकळीची विनंती. फोकसच्या आट्यांना एकापेक्षा जास्त सुरुवाती असतात. चुकीच्या ठिकाणी बसले तर लेन्स फिरते छान, पण अनंत कधीच गाठत नाही. पुण्या-मुंबईत अजून जुन्या लेन्स साफ करणारे कारागीर आहेत, तिथे द्या. तोवर ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. आपल्याकडचा पावसाळा या काचांचा खरा शत्रू आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला, महाबळेश्वर-बामणोलीकडे, तर जुलैत भिंतींनाही ओल असते. आजोबांची चामड्याची केस आठवण म्हणून जपा, पण लेन्स तिच्यात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास राहू द्या. आणि त्या वापरात ठेवा. रोज उजेड आणि वारा लागणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

कॅमेऱ्यात आधी एक सेटिंग बदलायचं: मेनूमध्ये 'रिलीज विदाउट लेन्स' चालू करा, नाहीतर शटर दबणारच नाही, कारण कॅमेऱ्याला समोर लेन्स आहे हेच कळत नाही. मोड ए ठेवा, अ‍ॅपर्चर लेन्सवर लावा, शटरचा वेग कॅमेरा बघून घेईल. फोकससाठी पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय, चालू करा, पण पूर्ण भरवसा त्यावर नको. एफ 2 ला पीकिंगचा रंग पापणीवरही दिसतो आणि कानावरही. एका बटणावर फोकस मॅग्निफायर लावून घ्या आणि डोळ्याची बाहुली मोठी करून बघा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, त्यामुळे 58 ची लेन्स 87 सारखी आणि 135 ची जवळजवळ 200 सारखी वागेल. बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, नाही, म्हणून निक्कोरला शटर 1/250 च्या खाली येऊ देऊ नका.

मिळतं काय, तर वेगळं चित्र. मिरजेला सतारमेकर गल्लीत मी हेलिओस घेऊन जातो. कारागीर दाराच्या उजेडात बसून भोपळ्यावर नक्षी करत असतो, मागे अंधारात तयार भोपळे टांगलेले. एफ 2 ला फोकस पटाशीच्या टोकावर ठेवला की मागच्या भोपळ्यांवरचे चमकते ठिपके मधोमध गोल आणि कडेला बदामासारखे दाबले जातात, आणि सगळी पार्श्वभूमी माणसाभोवती गरगरल्यासारखी दिसते. कडेचा प्रकाश लेन्सच्या नळीतच कापला जातो, त्याचा हा परिणाम. लहान सेन्सरवर कडा कापल्या जात असल्याने तुम्हाला तो थोडा कमी दिसेल. मागे पानं किंवा दिव्यांची माळ असेल आणि माणूस दोन-तीन मीटरवर असेल तर दिसतोच. उजेड समोरून आला तर चित्र फिकं पडतं, साधं रबरी हूड लावा. रंग मात्र नंतर सॉफ्टवेअरमध्ये फार ओढू नका. त्वचेला जो मऊपणा या काचेतून येतो, तो मला नव्या लेन्सवर कधी मिळाला नाही.

ती बुटकी लेन्स बहुधा डार्करूममधली, एन्लार्जरची, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राची आहे. फोकसचं कडं नसणं हीच तिची खूण. तिचे आटे साधारणपणे 39 मिलिमीटरचे असतात. भंगार समजून टाकू नका, जवळच्या फोटोंसाठी तिच्याइतकी सरळ आणि सपाट काच कमी पैशात मिळत नाही. 39 वरून 42 करणारी चकती आणि एम 42 चा फिरता हेलिकॉइड, म्हणजे फिरवून लेन्स पुढे-मागे सरकवणारं नळकांडं घ्या, त्यावर ती लावा. सप्टेंबरात कासला तुमच्यासाठी हीच लेन्स. एफ 8 ला दवबिंदू वनस्पतीच्या एकेका चिकट थेंबात आभाळ दिसतं. फक्त वाटेवरूनच काढा, फोटोसाठी फुलांत आडवं पडू नका.

राहिला याशिका. त्याच्या दोन्ही लेन्स बॉडीतच बसवलेल्या आहेत, वरची बघायची आणि खालची फोटोची. त्या काढून सोनीला लावायचा विचारही करू नका. त्यात 120 ची फिल्म लागते, ती आजही ऑनलाइन मिळते. मागचं झाकण उघडा, शटरची कळ ताणा, 1/60 वर दाबा आणि आतून उजेडाकडे बघा. पाती झटकन उघडून मिटली तर कॅमेरा चालू आहे. हळू किंवा अर्धवट उघडली तर जुनं तेल घट्ट झालंय, ते साफ करून घ्यावं लागेल.