नाइफमधला के आणि मुंगुसाचं अनेकवचन

तुमच्या लेकीचे दोन्ही प्रश्न आवडले. नाइफमध्ये के म्हणायचा नाही तर लिहायचा कशाला, आणि गूसचं गीस होतं तर माँगूसचं माँगीस का होत नाही. आणि शाळेत उत्तर मिळालं की इंग्रजी असंच असतं, पाठ कर. मी स्वतः हायस्कूलला २६ वर्षं इंग्रजी शिकवलंय आणि पहिली दहाएक वर्षं मीही पोरांना हेच सांगायचो, त्यामुळे त्या बाईंना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण उत्तर आहे, आणि चांगलं मजेशीर आहे, जरा लांबेल एवढंच.

आधी के. तो के कुणी उगाच घातलेला नाही, लोक तो म्हणायचे. नाइफ हा शब्द इंग्रजीत व्हायकिंग लोकांकडून, म्हणजे स्कँडिनेव्हियातून जहाजांनी आलेल्या लोकांकडून आला आणि त्याचा उच्चार होता क्नीफ. नाइट म्हणजे सरदार, त्याला म्हणायचे क्निख्त, म्हणजे त्यातला के पण खरा आणि जी-एच पण खरा, घशातून ख काढल्यासारखा. खोटं वाटत असेल तर पुण्यात जर्मन शिकणारं एखादं पोरगं गाठा आणि गुडघ्याला काय म्हणतात विचारा, ते क्नी म्हणेल, क सकट. रात्रीला नाख्त म्हणेल. जर्मन ही इंग्रजीची चुलतबहीण, तिने ते आवाज ठेवले, इंग्रजीने साधारण सतराव्या शतकाच्या आसपास क टाकला. का टाकला तर शब्दाच्या सुरुवातीला क्न म्हणणं जिभेला जड जात असावं. आणि आपण हसू नये, कारण आपण ज्ञान लिहितो तेव्हा ज आणि ञ लिहितो, आणि म्हणतो काय, द्न्यान! हिंदीवाला ग्यान म्हणतो. जे लिहिलंय ते दोघंही म्हणत नाही. चार आणि चाक यातला च वेगळा आहे हे लिहिण्यात कुठं दिसतं का सांगा.

म्हणजे खरा प्रश्न असा की आवाज गेला तरी अक्षर का राहिलं. ते समजायला विल्यम कॅक्स्टनला भेटावं लागतं. हा माणूस व्यापारी, बरीच वर्षं समुद्रापलीकडे, आताच्या बेल्जियममधल्या ब्रूजला राहिलेला, १४७६ मध्ये त्याने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना टाकला. छापायचं म्हटल्यावर त्याच्यापुढे प्रश्न आला की कुणाचं इंग्रजी छापायचं, कारण दर पन्नास मैलांवर वेगळी बोली. १४९० मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच किस्सा दिलाय. काही व्यापारी जहाजाने थेम्समधून निघाले होते, हॉलंडकडच्या झीलंडला जायचं होतं, वारा पडला म्हणून किनाऱ्याला थांबले, त्यातला एक जण एका घरी खायला मागायला गेला आणि म्हणाला एग्ज द्या. घरातली बाई म्हणाली मला फ्रेंच येत नाही! हा भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं, तो आपला इंग्रजीच बोलत होता. शेवटी दुसरा कुणी मध्ये पडला आणि म्हणाला त्याला ऐरेन हवेत, तेव्हा बाई म्हणाली हां, आता समजलं. अंडीच. एग हा उत्तरेकडचा, व्हायकिंगांनी आणलेला शब्द, ऐरेन हा दक्षिणेतला जुना घरचा शब्द. कॅक्स्टन वैतागून विचारतो की आता माणसाने लिहायचं तरी काय, एग्ज की ऐरेन. जिंकलं कोण ते आपण रोज ऑम्लेट करताना बघतो.

तर छापखान्याने स्पेलिंग हळूहळू गोठवलं, पण गोठवलं ते अगदी चुकीच्या वेळी. नेमकं त्याच काळात, साधारण १४०० ते १७०० मध्ये, इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर जागचे हलत होते. याला ग्रेट व्हॉवेल शिफ्ट म्हणतात. टाइमचा उच्चार आधी टीमसारखा होता, हाउसचा हूससारखा, नेमचा नामसारखा, मूनचा मोनसारखा. म्हणजे ज्याने आय, ओ-यू, ए, ओ-ओ अशी अक्षरं घातली त्याने बरोबरच घातली होती, जसं ऐकलं तसं लिहिलं. नंतर तोंड पुढे गेलं आणि कागद मागेच राहिला. हे स्वर का हलले यावर जाणकारांत अजून वाद आहेत, १३४८ च्या प्लेगनंतर सगळीकडून लोक लंडनला आले, बोली एकमेकांत मिसळल्या, त्यात वरच्या लोकांसारखं बोलायची धडपड, असं एक कारण देतात आणि मला ते पटतं, कारण गावाकडून पुण्याला आलेलं पोरगं सहा महिन्यांत कसं बोलायला लागतं ते मी बघितलंय.

वर पंडितांनी घोळ घातला तो वेगळाच. डेट म्हणजे कर्ज, हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता, पण लॅटिनमध्ये डेबिटम आहे ना, मग शोभेला बी घातला. आयलंडमधला एस तर सरळ गैरसमजातून आला, त्या शब्दाचा लॅटिनशी संबंधच नव्हता. इथे मात्र लेकीने रागवायला हरकत नाही.

आता गूस आणि गीस, हे माझं आवडतं. फार पूर्वी, जर्मनीकडून आलेले अँगल आणि सॅक्सन लोक इंग्लंडमध्ये स्थिरावत होते त्या सुमाराला, हंसाला म्हणायचे गोस आणि अनेकवचन असायचं गोसि. गोसि म्हणून बघा दोन-चारदा पटपट. शेवटच्या इ च्या तयारीत जीभ आधीच पुढे सरकते, त्यामुळे ओ चा हळूहळू ए झाला, गेसि. मग शेवटचा इ गळून पडला, उरलं गोस आणि गेस. मग वर सांगितलेली स्वरांची सरकासरकी आली, ओ चा ऊ झाला, ए चा ई झाला, आणि गोस-गेसचं झालं गूस-गीस. फूट-फीट, टूथ-टीथ हे सगळे त्याच गाडीतले प्रवासी. बुकचं अनेकवचन पण तेव्हा बेच होतं, ते टिकलं असतं तर आज पोरं दप्तरात बीच घालून शाळेत गेली असती.

आणि माँगूस? तो शब्द आपला हो! मुंगूस. सतराव्या शतकात आपल्या किनाऱ्याला आलेल्या-गेलेल्या युरोपातल्या लोकांनी तो उचलला. तोवर गोसि-गेसि प्रकरण संपून हजार वर्षं होऊन गेली होती, नवीन पाहुण्याला जुन्या घरातला नियम कोण लावणार, त्याला सरळ एस जोडला. गूसशी त्याचं नातं काहीच नाही, नुसतं शेपूट सारखं दिसतं.

सगळ्यांना एस का, हेही सांगतो. जुन्या इंग्रजीत आपल्यासारखी तीन लिंगं होती, विभक्ती होत्या, अनेकवचनाचे पाच-सहा प्रकार होते. ७९३ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांनी धाड घातली, पुढे ते लुटून जायचे थांबले आणि तिथेच शेती करून राहिले, लग्नं झाली. दोघांच्या भाषेत शब्दांचं मूळ जवळपास सारखं पण शेवट वेगळे. मग बाजारात बोलताना काय होणार, मूळ ठेवायचं आणि शेवट गिळायचा. त्याने सगळं झालं असं नाही, पण उत्तरेत शेवट आधी गळले हे खरं. बाकीचे शेवट गळत गेले आणि अनेकवचनाचा एस तेवढा टिकला, तोच मग सगळ्यांना लागला. आणि शेजार किती जवळचा बघा, दे, देम, देअर ही सर्वनामंसुद्धा इंग्रजीने त्यांच्याकडून घेतली. शब्द उसने घेणं सोपं असतं, 'ते' आणि 'त्यांना' कोण उसनं घेतं?

मग १०६६ मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, राजे फ्रेंच बोलणारे झाले, गोठ्यात इंग्रजी काउ आणि ताटात फ्रेंच बीफ, हे व्हॉट्सअपवर सगळ्यांनी वाचलेलं असतं म्हणून सोडून देतो. फक्त एवढं की जज, कोर्ट, ज्युरी हे फ्रेंच शब्द इंग्रजीत बसले ते तसेच जसे वकील, फिर्याद, जप्ती, दस्तऐवज हे फारसी शब्द आपल्याकडे बसले. राज्य गेलं, कचेरीतले शब्द राहिले. १३६२ मध्ये कायदा झाला की कोर्टाचं काम इंग्रजीत चालवा, लोकांना फ्रेंच कळत नाही. तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये!

अजून एक, मुलं नेहमी विचारतात की इंग्रजीत मोठ्यांना पण यू आणि कुत्र्याला पण यू, आदर नाही का त्यांच्यात. उलट आहे. यू म्हणजे तुम्हीच. तू साठी दाऊ होता. पुढे कुणाचा अपमान नको म्हणून जो तो सगळ्यांना तुम्ही म्हणायला लागला आणि तू मरून गेला. प्रार्थनेत दाऊ ऐकून लोकांना वाटतं देवाला खास आदराने म्हणतात, तर नाही, आपण विठोबाला तू म्हणतो तसंच ते.

आपल्याकडे काय वेगळं झालं? माझ्या आजोबांची पत्रं आहेत माझ्याकडे, त्यात नांव, कसें, घरें, तेथें, सगळीकडे अनुस्वार, जे आजोबा स्वतःही बोलताना म्हणत नव्हते. तेच आपले नाइफमधले के. फरक असा की १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने मान्य केले आणि ते अनुस्वार शाळेतून गेले. इंग्रजीला असं महामंडळ कधी मिळालंच नाही. अमेरिकेत नोआ वेब्स्टर या कोशकाराने १८२८ च्या डिक्शनरीत कलरमधला यू काढला, पण नाइफच्या के ला हात लावायची हिंमत त्याचीही झाली नाही.

आणि लेकीला एक प्रश्न माझ्याकडून विचारा. मुंगूसचं मुंगसं होतं, माणूसचं माणसं होतं, मग मधला ऊ जातो कुठे? उत्तर काय देते ते इथे नक्की लिहा.