एअर शोमध्ये ऑटोगायरो हवेत एका जागी थांबतो, मग सरळ खाली येतो. हे हेलिकॉप्टरच ना?

नाही. हेलिकॉप्टरमध्ये डोक्यावरची पाती इंजिन फिरवतं. ऑटोगायरो उडत असताना इंजिन फिरवतं ते फक्त प्रोपेलरला, पुढे जाण्यापुरतं. वरची पाती वाऱ्यानेच फिरतात. जत्रेतली भिंगरी हातात घेऊन मूल पळतं तेव्हा ती फिरते ना, तसंच. ही भिंगरी जरा मागे कललेली असते, वारा तिच्यातून खालून वर जातो आणि फिरता फिरता ती अख्ख्या यंत्राला उचलून धरते.

इंग्लंडमध्ये नोकरीला असताना एका छोट्या धावपट्टीच्या कुंपणापाशी उभं राहून मी हे जवळून पाहिलंय. पायलटने आधी क्लच लावून इंजिनाचा जोर थोडा वेळ पात्यांना दिला. फट् फट् असा आवाज येऊ लागला. मग क्लच सोडून त्याने स्टिक, म्हणजे यंत्र चालवायचा दांडा, पोटाशी ओढली आणि यंत्र धावू लागलं. बघता बघता ती फटफट एकजीव झाली, पुढचं चाक उचललं गेलं आणि थोड्याच अंतरात तो हवेत होता.

हवेत तो थांबत मात्र नाही. ताशी 40-50 किलोमीटरने तो वाऱ्याच्या तोंडावर उडत असतो. समोरून तेवढाच वारा असला की खालून बघणाऱ्याला स्थिर दिसतो; वारा पडलेला असेल त्या दिवशी हे जमत नाही. वेग आणखी कमी केला की तो खाली येऊ लागतो, पण विमानासारखा स्टॉल होत नाही, म्हणजे उचल एकदम जाऊन कोसळत नाही, कारण उतरतानाही वारा खालूनच येतो आणि पाती फिरत राहतात. जमीन बरीच खाली असतानाच पायलट नाक झुकवून वेग परत घेतो. अलगद टेकायला तो वेग लागतोच.

ही करामत स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांची. त्यांची पहिली यंत्रं एका कुशीवर कलंडायची, कारण पुढे येणाऱ्या पात्याला वारा जास्त लागायचा, मागे जाणाऱ्याला कमी. त्यांनी पात्यांच्या मुळाशी बिजागरी बसवून पाती वरखाली हलू दिली आणि जानेवारी 1923 मध्ये माद्रिदजवळ गेताफेला यंत्र नीट उडालं. एवढ्याशा बिजागरीने सुटलेला तो पेच मला आजही थक्क करतो. पुढे हेलिकॉप्टरलाही तीच उपयोगी पडली.

पुढच्या वेळी बघाल तेव्हा यंत्र झपकन वर चढल्यावर काय होतं तिकडे लक्ष ठेवा. जाणता पायलट टोकावर स्टिक पुढे लोटत नाही, वळण घेत खाली येतो. स्टिक लोटली तर पात्यांवरचा भार क्षणभर नाहीसा होतो, त्यांचे फेरे घटतात, इंजिन मात्र मागून ढकलतच राहतं. यंत्र नाकावर उलटतं, पाती शेपटीवर आदळू शकतात, आणि सावरायला वेळ उरत नाही. यात माणसं गेली आहेत. घट्ट वळणात याच्या उलट होतं: भार वाढतो आणि पाती आणखी जोरात फिरतात. वळताना त्यांचा आवाज चढतो, तो कान देऊन ऐका.