सांगलीत कॉलेज करतोय. मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांवर पाच जणांचा ग्रुप प्रोजेक्ट आहे, पण दोघंच राबतात. काम कसं वाटायचं?

विषय मार्केट यार्डातले हळदीचे सौदे आहे म्हणताय, तर ‘तू माहिती गोळा कर’ असं मोघम सांगू नका. गाडं तिथंच अडतं. ‘शुक्रवारपर्यंत सहा अडत्यांना भेटून हे दहा प्रश्न विचार, उत्तरं शीटमध्ये भर’ असं सांगा. एका कामापुढं एकच नाव. दोन लिहिली की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

तासगाव-विट्याहून एसटीनं येणाऱ्यांना संध्याकाळची बैठक जमतच नाही, आणि मग उगाच ते कामचुकार ठरतात. आठवड्यातून एकदा, लेक्चर संपल्याबरोबर वीस मिनिटं पुरे (चहा नंतर). कोणाचं काय झालं, काय अडलं, एवढंच. ठरलेलं लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.

रिपोर्ट जोडायला निदान चार दिवस राखून ठेवा. पाच जणांचे पाच फॉन्ट, क्विंटल-किलोची सरमिसळ हे शेवटच्या रात्री निस्तरत नाही. एकक पहिल्याच दिवशी ठरवा.

कोणी दोनदा तारीख चुकवली तर आधी त्याला एकट्याला विचारा, ग्रुपवर नको. तरी हललं नाही तर सरांना सबमिशनच्या दोन आठवडे आधी सांगा. आदल्या दिवशी त्यांच्याही हातात काही उरत नाही.