माणूस आफ्रिकेतून निघाला तेव्हा काळा होता, मग युरोपात जाऊन गोरा कसा झाला? थंडीमुळे का?

थंडीचा काही संबंध नाही. आणि रापण्याचाही नाही. उन्हात रापलेल्या बापाची पोरं रापलेली जन्माला येत नाहीत.

खरं तर सुरुवात काळ्या रंगापासूनही झालेली नाही. चिंपांझीचे केस बाजूला सारून पाहिले तर खाली कातडी बरीचशी फिकट असते. आपल्या पूर्वजांच्या अंगावरचे दाट केस गेले आणि ती कातडी विषुववृत्ताच्या उन्हात उघडी पडली. अतिनील किरणांनी शरीरातलं फोलेट हे जीवनसत्त्व नष्ट होतं, आणि ते कमी पडलं की पोटातल्या गर्भाच्या मज्जारज्जूत दोष राहू शकतो. गडद कातडीच्या माणसांची मुलं जास्त जगली, म्हणून तो रंग टिकला. उत्तरेला अडचण उलटी: ऊन कमी, आणि 'ड' जीवनसत्त्व कातडीत तयार व्हायला तेच किरण लागतात, म्हणून तिथे ते जास्त आत घेणारी फिकट कातडी फायद्याची. नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी २००० साली मांडलेलं हे गणित आज बहुतेकांना मान्य आहे.

बहुतेक उत्तरं इथे थांबतात. मला गंमत वाटते ती पुढच्या भागाची. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या एका गुहेत १९०३ मध्ये सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या माणसाचा सांगाडा मिळाला, 'चेडर मॅन'. २०१८ मध्ये त्याच्या डीएनएवरून अंदाज आला की डोळे निळसर-हिरवे, पण कातडी चांगली काळीसावळी! म्हणजे पश्चिम युरोपात हजारो वर्षं राहूनही माणूस गोरा झालेला नव्हता. बहुधा मासे-मांसातून 'ड' मिळत असावं. आर्क्टिकमधले इन्युइट आजही तितके गोरे नाहीत, त्यामागेही समुद्रातलं अन्नच असावं.

मग साधारण ८,५०० वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानच्या बाजूने शेतकरी युरोपात आले. 'एसएलसी२४ए५' या जनुकाचा फिकट कातडी देणारा प्रकार त्यांच्यात सर्रास होता. धान्यात 'ड' जवळजवळ नसतंच, त्यामुळे तिथल्या मंद उन्हात गोरेपणाचा फायदा झाला असणार. चीन-जपानकडचा उजळ रंग मात्र बराचसा वेगळ्याच जनुकीय बदलांनी आला.

'एसएलसी२४ए५'चा तो फिकट प्रकार भारतातही भरपूर सापडतो. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं की आपल्याकडचा आणि युरोपातला हा बदल एकाच पूर्वजाकडून आलेला आहे. आईबापांकडे याची एकेकच प्रत असली, तर एका पोराला दोन्ही मिळू शकतात, दुसऱ्याला एकही नाही. मग एक भाऊ गव्हाळ, दुसरा सावळा, आणि बारशाला आलेल्या बायका विचारतात, "हा कुणाच्या वळणावर गेला गं?"