फ्लॉपी जोरात का मोडेम?

प्रश्न : काका नमस्कार, मी सांगलीत विश्रामबागला राहतो. परवा माळा आवरताना जुना पीसी, डबा मोडेम आणि वीसेक फ्लॉप्या सापडल्या. पोरगं लगेच म्हणालं, मोडेमवर ५६ लिहिलंय आणि फ्लॉपीवर १.४४, म्हणजे मोडेम चाळीसपट फास्ट. मी म्हणलं तसं नसतंय बाबा, पण का नसतंय ते काय सांगता येईना. जरा सांगता का?

उत्तर : पोराला पहिल्यांदा एवढंच विचारा, कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा किती टन मावतो आणि टेम्पो ताशी किती पळतो, यात मोठा आकडा कुठला? तसंच झालंय हे. १.४४ ही फ्लॉपीतली जागा आहे, एमबीमध्ये, आणि ५६ हा मोडेमचा, म्हणजे फोनच्या तारेवरनं कॉम्प्युटर इंटरनेटला जोडणाऱ्या डब्याचा वेग आहे, त्यात परत जागा बाइटमध्ये मोजलेली आणि वेग बिटमध्ये. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे ५६ हजार बिट म्हणजे सेकंदाला सात हजार बाइट, तेही कागदावर. आपल्याकडच्या लँडलाइनवर ४४-४८ हजारला कनेक्ट झाला तरी आम्ही खूष असायचो, आणि तेवढ्यात घरातल्या कुणीतरी आतल्या खोलीतला पॅरलल फोन उचलला की सगळं मुसळ केरात.

आता फ्लॉपी. साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये मिनिटाला ३०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला पाच वेढे. एका ट्रॅकवर, म्हणजे तबकडीवरच्या एका गोल चाकोरीत, ५१२ बाइटचे १८ सेक्टर म्हणजे तुकडे, म्हणजे एका वेढ्याला ९,२१६ बाइट, गुणिले पाच, झाले ४६,०८० बाइट सेकंदाला. एका बाजूला ८० ट्रॅक, दोन्ही बाजू मिळून १६०, म्हणजे अख्खी फ्लॉपी ३२ सेकंदात वाचून व्हायला पाहिजे, पण ते वाचणारं हेड टक टक करत एकेक ट्रॅक सरकत जातं त्यात वेळ जातो, त्यामुळं मिनिटभर धरा. तरीसुद्धा मोडेमच्या चार-पाच पट झालीच की. पोरगं हरलं.

पण थांबा, एवढ्यावर तुम्ही जिंकलात असं काय मी म्हणत नाही, कारण फ्लॉपी ड्राइव्हमधून पीसीत येते, ती गावाला जात नाही! आमचं गावभागात डीटीपीचं दुकान होतं आणि छापखाना मिरजेत, तेव्हा मी हा हिशोब खरोखर वहीत मांडला होता. ५६ हा वेग फक्त आपल्याकडं येणाऱ्या डेटाचा, पाठवताना व्ही.९० मोडेम (५६ वाल्याचाच एक प्रकार) ३३.६ हजार बिटच्या वर जात नाही, म्हणजे सेकंदाला ४,२०० बाइट. त्यात ईमेल मुळात अक्षरं पाठवायला केलेली, त्यामुळं फाइल जोडली की तीन बाइटचे चार होतात, म्हणजे १.४४ एमबीची फाइल जाताना जवळपास १९ लाख ६६ हजार बाइटची होऊन जाते. लाइन एकदम झकास असली तरी पाठवायला आठ मिनिटं, तिकडं छापखान्यात उतरवून घ्यायला साडेपाच, चौदा मिनिटं धरा. आणि लुनावरनं मिरज वीस मिनिटं, त्यात फ्लॉपी भरायला एक आणि तिकडं वाचायला एक, झाली बावीस. म्हणजे एक फ्लॉपी असली तर मोडेम जिंकतो. दोन असल्या तर मोडेमला २८ आणि लुनाला २४! दुसऱ्या फ्लॉपीपासून लुना पुढं. पुढं सीडी रायटर घेतला तेव्हा तर विषयच संपला, ६५० एमबीची सीडी मेलनं पाठवायची म्हणली असती तर नुसतं पाठवायलाच अडीच दिवस लागले असते, आणि लुनाला तीच वीस मिनिटं.

फक्त लुनाचं एक वाईट होतं. मिरजेत पोचल्यावर फ्लॉपी घातली, कर्र कर्र आवाज आला आणि स्क्रीनवर ‘अ‍ॅबॉर्ट, रिट्राय, फेल’ आलं की तसंच परत सांगली. मोडेममध्ये बिघडलेला तुकडा तो आपलाआपण परत मागवून घेतो. म्हणून मी कायम दोन फ्लॉप्यांवर तीच फाइल न्यायचो, आणि दोन्ही एकाच खिशात ठेवायचो, हा शहाणपणा बघा.

प्रश्न : सर, मी साताऱ्याचा. शाळेत १९८५ च्या आसपास आम्हाला बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले होते, त्यात टेपरेकॉर्डरवरून प्रोग्राम भरायचे. ते मोडेमपेक्षा स्लो होतं का?

उत्तर : लईच स्लो. त्या मशीनचा कॅसेटचा वेग सेकंदाला १,२०० बिट, आणि प्रत्येक बाइटच्या मागंपुढं एकेक जादा बिट असल्यामुळं १० बिटला एक बाइट, म्हणजे १२० बाइट. मशीनची सगळी ३२ केबी मेमरी भरायची म्हणली तर साडेचार मिनिटाच्या वरच. पण गंमत अशी की दोन्हीची जातकुळी एकच, शून्यासाठी १,२०० हर्ट्झचा सूर आणि एकासाठी २,४०० हर्ट्झचा, म्हणजे कॅसेटवर जे वाजत होतं तो टेप केलेला मोडेमच म्हणा की. ती कॅसेट साध्या टेपवर लावून ऐकली असाल तर आवाज ओळखीचा वाटेल.

प्रश्न : माझ्या जुन्या मोडेमवर कनेक्ट झाल्यावर १,१५,२०० असा वेग दिसायचा. मग मला डबल स्पीड मिळत होता का? (इस्लामपूर)

उत्तर : नाही हो. तो पीसी आणि मोडेम यांच्यातल्या वायरीचा वेग, फोनच्या तारेचा नाही. आमच्या शेजारच्या सायबर कॅफेवाल्यानं तो आकडा पाटीवर लिहून ताशी पाच रुपये जास्त लावले होते आणि आम्ही दिलेही.