पाळकीण, महिला पाळक की नुसतेच पाळक?

प्रश्न असा: चर्चमध्ये पाळक (पास्टर) म्हणून दीक्षा झालेल्या स्त्रीला मराठीत ‘पाळकीण’ म्हटले तर चालेल का?

टाळावे. हुद्द्याला ‘-ईण’ लागली की मराठी कान आधी नवरा शोधतो. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. प्रोटेस्टंट पाळकांना लग्नाची मुभा असल्याने ‘पाळकीण’ म्हटले की पाळकसाहेबांची पत्नीच समोर येते. ‘लेखिका’च्या चालीवर ‘पाळिका’ करावे, तर नगरपालिकेची कचरागाडी आठवते.

नुसते ‘पाळक’ लिहा आणि स्त्रीत्व क्रियापदावर सोडा: ‘पाळक आल्या’, ‘पाळक उपदेश करणार होत्या’. न्यायाधीश, मंत्री हे शब्द असेच चालतात. घोटाळा होतो तो ‘पाळकांनी उपदेश केला’ इथे. क्रियापद उपदेशाशी जुळते आणि बाई वाक्यातून नाहीशा होतात. अशा वाक्यात नाव घालावे. ‘महिला’ हे विशेषण पहिलेपणाची बातमी असेल तेव्हाच हवे. चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ साली एग्गोनी पुष्पा ललिता ‘पहिल्या महिला बिशप’ झाल्या. पुढच्या प्रत्येक वाक्यात त्या फक्त बिशप.

कॅथलिकांकडे शब्दही वेगळे आणि नियमही. तिथे फादरांची ‘गुरुदीक्षा’ होते आणि कॅनन लॉचे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचे, कलम १०२४ ती बाप्तिस्मा झालेल्या पुरुषापुरतीच ठेवते. सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी, व्रते घेतात. ती गुरुदीक्षा नव्हे. म्हणून वसईच्या एखाद्या सिस्टरला ‘महिला धर्मगुरू’ म्हणणे ही शब्दाची नव्हे, माहितीची चूक.

खरी गंमत ‘सेविका’ या शब्दात आहे. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात प्रेषित पौल फीबी या स्त्रीची ओळख करून देतो: किंख्रिया येथील मंडळीची, म्हणजे चर्चची, ‘डियाकोनोस’. ग्रीकमध्ये हा एकच शब्द पुरुषालाही आणि स्त्रीलाही. ‘डियाकोनिसा’ हे वेगळे स्त्रीलिंगी रूप नंतरचे. फिलिप्पैकरांस पत्राच्या सुरुवातीला हाच शब्द अनेकवचनात ‘अध्यक्षां’च्या जोडीला येतो. मराठी बायबलात तिथे ‘सेवक’ आणि फीबीला ‘सेविका’. व्याकरण निर्दोष, पण शेजारच्या ‘अध्यक्षां’मुळे ‘सेवक’ पद वाटते, तर एकटी ‘सेविका’ अंगणवाडीतली, फार तर हाताखालची मदतनीस वाटते. इंग्रजीत हाच वाद ‘सर्व्हंट’ (नोकर, सेवक) की ‘डीकन’ (चर्चमधले एक पद) असा चालतो. त्यातला ‘डीकन’ मराठी चर्चमध्ये रुळलेला आहे, लिंगाचे ओझेही त्याला नाही. पोप फ्रान्सिस यांनी महिला डीकनांच्या प्रश्नावर २०१६ आणि २०२० मध्ये नेमलेल्या आयोगांबद्दल लिहिताना तर तोच वापरावा. ‘सेविकांबाबत आयोग’ असे वाचून कुणालाही मानधनाचा प्रश्न वाटेल.